अर्धी सलामी

आमचं घर बडोद्यात, मांडवीच्या मागच्या गल्लीत, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानावर होतं. अडीच खोल्या, एक लांबट गॅलरी, आणि खाली सकाळी नऊपासून हातोड्यांची ठोकाठोक. ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत थांबायची. आवाज थांबला की आई हातातलं काम सोडून उगाच आजूबाजूला बघायची आणि म्हणायची, "काही तरी विसरले बहुतेक." आम्ही सगळे जरा वरच्या पट्टीत बोलायचो, कारण खालच्या ठोक्यांवरून आवाज पोचवायचा असायचा. लग्न होऊन मी शांत घरात गेले, तेव्हा सासरी सगळ्यांना वाटलं की ही मुलगी सदान्कदा भांडते. जेवणात आमटीला गूळ पुण्याच्या नातेवाइकांना सोसणार नाही इतका असायचा, आणि शनिवारी वरणफळं. शेजारच्या गुजराती मावशी ती बघून म्हणायच्या, "ही तर आमची दाळ ढोकळी." आई म्हणायची, "आमची वरणफळं." बडोद्यात हा वाद दर शनिवारी व्हायचा आणि वाटी मात्र दोन्हीकडून यायची जायची.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गोरव्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे लिहिण्यात त्यांचा दिवस जायचा. पण त्यांचा खरा दिवस संध्याकाळी पाचला सुरू व्हायचा. आमचे पूर्वज संस्थानच्या पागेत शिलेदार होते. पुढे घोडे गेले, पागा गेली, संस्थानही गेलं. आमच्या घरात उरला एक पट्टा आणि तो फिरवायची विद्या. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि तिच्यापुढे लांब, लवलवतं पातं. अप्पा गल्लीच्या टोकाच्या व्यायामशाळेत मुलांना लाठी, बोथाटी म्हणजे बोथट टोकाचा भाला, आणि शेवटी पट्टा शिकवायचे. फी नव्हती. एकच अट होती. नव्या मुलाने पहिले पंधरा दिवस फक्त सलामी द्यायची. डावा गुडघा टेकायचा, उजवा हात जमिनीला, मग कपाळाला, मग छातीवर, आणि हे सगळं होईपर्यंत नजर समोरच्या माणसावरून हलवायची नाही. मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या वर्गात होते, आणि माझी सलामी बघून ते दर वेळी म्हणायचे, "वसू, माश्या मारतेस का?"

मी सांगते आहे त्या वर्षी व्यायामशाळेच्या ट्रस्टींनी अप्पांना बोलावून नीट, गोड शब्दांत सांगितलं होतं की दसऱ्याच्या प्रात्यक्षिकाला बारा विद्यार्थी तरी उभे राहायला हवेत, नाही तर हॉल कॉम्प्युटर क्लासला द्यावा लागेल. तशी मागणीही आली आहे. त्यात त्यांचं काही चुकत होतं असं आज मला वाटत नाही. तेव्हा मात्र मला त्यांचा फार राग आला होता. अप्पांना राग आला नाही. त्यांनी घरी येऊन हातपाय धुतले, जेवले आणि आईला म्हणाले, "बारा होतील. चौदा आहेत माझ्याकडे." तेव्हा होते चौदा. पावसाळा संपता संपता पाच राहिले.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी त्या वर्षी एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला एका जागी बसवत नव्हतं. गल्लीत केबलच्या काळ्या वायरी एका गच्चीवरून दुसरीवर लोंबायला लागल्या होत्या. दर महिन्याला नवीन रंगाचं थंड पेय दुकानात यायचं. वर्गातली एक मैत्रीण विमान कंपनीच्या मुलाखतीला मुंबईला जाऊन आली, दुसरी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. सगळं कुठे तरी निघालं होतं आणि मी गॅलरीत उभी राहून टाच जमिनीवर आपटत होते. आई म्हणायची, "अगं, पायाला काय झालंय? खालच्यांची ठोकाठोक कमी आहे का?" मला वेळापत्रकं करण्याची आवड तेव्हाही होती. अभ्यासाची वही, कपड्यांची वही, वाचलेल्या पुस्तकांची वही, सगळ्या आखलेल्या. पण आतून माझी चुळबूळ काही त्या रेघांमध्ये बसत नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी भरतभाईंचं पूर्वी बांगड्यांचं दुकान होतं. त्यांनी बांगड्या काढून तिथे तीन व्हिडिओ गेमची उभी यंत्रं आणून ठेवली, अर्धं शटर ओढलं आणि आतला दिवा घालवला. नाणं टाकायचं आणि खेळायचं. दोन यंत्रांवर मोटारी आणि विमानं होती. तिसऱ्यावर जुन्या काळातल्या जपानचा तलवारीचा खेळ होता. निळ्या कपड्यांतला एक सामुराई बांबूच्या वनातून, बर्फातून, लाकडी पुलांवरून चालत जायचा आणि वाटेत जो येईल त्याच्याशी लढायचा. भरतभाईंनी त्या यंत्रावर पिवळ्या रंगाने आपल्या हाताने नाव लिहिलं होतं, 'समोराई'. आमच्या गल्लीतल्या मराठी पोरांनी त्याचे लगेच दोन शब्द केले, समोर आई. कुणाचीही आई किंवा वडील रस्त्यावर दिसले की बाहेरचा पोरगा ओरडायचा, "समोराई," आणि आतली पोरं मागच्या दाराने पसार व्हायची.

मी तिथे कशी गेले ते सांगते. जून महिन्यातली दुपार होती, कॉलेजातून परत येत होते. भरतभाईंनी दारातून हाक मारली. "बेन, तमे इंग्लिश भणो छो ने? जरा वांचो ने, आ शुं लख्युं छे?" मी शटरखालून वाकून आत गेले. पडद्यावर चार ओळी होत्या. इंग्रजी इतकं मोडकं की आमच्या प्राध्यापकांनी वही फेकून दिली असती. मी अर्थ लावून सांगितला: या गावात वैरी सात आहेत, आठवा मित्र आहे, त्याला मारू नका. भरतभाई म्हणाले, "हत्तेरी. अमे तो रोज मारीए छीए." त्यांनी आभार म्हणून मला एक नाणं दिलं. मी ते टाकलं आणि अर्ध्या मिनिटात मेले. मग माझ्याजवळचं नाणं टाकलं.

मी नंतर चार महिने जवळजवळ रोज गेले. दुपारी दोन ते तीन, पोरं शाळेत असायची तेव्हा. घरी सांगितलं होतं की ग्रंथालयात थांबते. तुम्हा पोरांना आज हे वाचून हसू येईल. नील, तू परवा व्हिडिओ कॉलवर मला तुझा सामुराई दाखवलास ना, गवत वाऱ्याने हलत होतं आणि तो नुसता उभा होता, इतकं सुंदर की मी तुला विचारलं, हे कुठे फिरायला गेला होतात? माझा सामुराई चौकोनी तुकड्यांचा होता आणि त्याला चेहरा नव्हता. तरी त्या यंत्राच्या दांडीवर हात पडला की माझी टाच आपटायची थांबायची. दिवसातला तेवढा एक तास. बाकीच्या वेळी मात्र चुळबूळ दुप्पट झाली. जेवताना माझी बोटं ताटाच्या कडेवर नाचायची. मिल्टनच्या तासाला मी बाकाखाली अंगठ्याने वार करत असे. अप्पांच्या वर्गात मी तेव्हा सलामी झाली न झाली की पट्ट्याला हात घालायचे, आणि अप्पा मला परत पहिल्या जागी उभं करायचे.

आणि त्याच चार महिन्यांत अप्पांची मुलं एकेक करून त्याच शटरखाली गेली. मला ते माहीत होतं. दुपारी मी आणि संध्याकाळी ती. सुहास सगळ्यात शेवटी गेला. तो पंधरा वर्षांचा, अप्पांचा सगळ्यात चांगला विद्यार्थी. पाय असे टाकायचा की अप्पा त्याच्याकडे बघताना स्वतःचं बोलणं विसरायचे. तो गेला त्या दिवशी अप्पांनी हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे काही लिहिलं नाही, जागा रिकामी ठेवली.

दसरा तीन आठवड्यांवर आला तेव्हा एका रविवारी संध्याकाळी अप्पा म्हणाले, "वसू, चल माझ्याबरोबर. पोरांना घेऊन येऊ. मला त्या दुकानातलं काही कळत नाही, तू शिकलेली आहेस." मी म्हटलं, "मला तरी काय कळणार?" हे वाक्य मी आयुष्यात बोललेल्या खोट्यांमध्ये फार वरच्या क्रमांकावर आहे. बाहेरचा पोरगा "समोराई" म्हणून ओरडला. भरतभाईंनी मला बघून तोंड उघडलं, मी डोळे मोठे केले, आणि त्यांनी ते वाक्य वळवून "आवो, आवो, मास्तरसाहेब" असं केलं. अप्पांनी चपला बाहेर काढल्या. त्या दुकानात कोणी चपला काढत नसे. आत आमच्या वर्गातली नऊ पोरं होती. कोणी पळालं नाही, कारण सुहास पळाला नाही.

"सुहास, पंधरा दिवस झाले," अप्पा म्हणाले.

"येणारच होतो सर. परीक्षा आहे."

"इथे आहे परीक्षा?"

पोरं हसली. सुहासही हसला, पण त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "सर, इथेपण तलवारच आहे ने. इथे मी रोज शंभर माणसं मारतो. तुमच्याकडे तीन वर्षं झाली, अजून तुम्ही म्हणता पाय बरोबर पडला नाही."

अप्पा पडद्याकडे बघत राहिले. मग बोट दाखवून म्हणाले, "या निळ्याची मागची टाच उचललेली आहे. हा पडणार."

"नाही पडत सर."

"खरा असता तर पडला असता."

"मग पाडून दाखवा," सुहास म्हणाला. पोरं एकदम गप्प झाली, आणि ती गप्प झाल्यामुळे त्याला आणखी जोर आला. "इथे दोघांना समोरासमोर खेळता येतं. तीन डाव. तुम्ही, किंवा तुमच्या घरातलं कोणीही, मला हरवलं तर आम्ही सगळे नऊच्या नऊ उद्या पाचला हजर. दसऱ्यापर्यंत एक दिवस चुकणार नाही. नाही हरवलं तर मग बोलवायला यायचं नाही."

पाच आणि नऊ चौदा. मी मनात बेरीज केली, अप्पांनीही केली असणार. ते म्हणाले, "हे कसं धरायचं?" सुहासने त्यांना दांडी आणि बटणं दाखवली, अगदी नीट, ते त्याला शिकवायचे तसंच. पूल आला. या टोकाला निळा, त्या टोकाला लाल. अप्पांनी दांडी सोडली, त्या सिगारेटच्या थोटकांनी भरलेल्या फरशीवर डावा गुडघा टेकला, उजवा हात जमिनीला लावला, कपाळाला लावला, छातीवर ठेवला, आणि नजर पूर्ण वेळ सुहासवर. तोवर लाल सामुराई पूल ओलांडून आला होता. अप्पा उठेपर्यंत निळा आडवा. दुसऱ्या डावात तेच. अप्पांनी सलामी सोडली नाही. दोन डाव, एकही वार नाही.

पोरं पोट धरून हसत होती. भरतभाईंनासुद्धा हसू आवरेना, त्यांनी मान वळवली. सुहास तेवढा हसला नाही. त्याने बटणांवरून हात काढला आणि म्हणाला, "सर, इथे ते चालत नाही."

माझ्या तोंडून निघालं, "अप्पा, तुम्ही बाजूला व्हा. मी खेळते."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तुला येतं?"

"येतं."

एवढं एकच उत्तर, पण चार महिन्यांचं ग्रंथालय त्यात गेलं. सुहास म्हणाला, "वसूताई, तू?" मी नाणं टाकलं. पहिल्या डावात मी त्याला पुलाच्या मधोमध पाडलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. कोणी हसलं नाही. भरतभाई भारावून म्हणाले, "वाह बेन, रोजनी प्रॅक्टिस छे ने," आणि मग जीभ चावली. मी मागे वळून बघितलं नाही, पण अप्पांची नजर मला मानेवर कळत होती. दुसऱ्या डावात माझे हात घामाने घसरले आणि सुहासने मला पाडलं. एक एक.

तिसरा डाव सुरू व्हायच्या आधी मागे कोणी तरी अप्पांची नक्कल केली. मला फक्त आवाज आला, गुडघा फरशीवर आपटल्याचा, आणि मग दबलेलं हसू. आजही मला कुणी विचारलं की त्या वेळी मी काय विचार केला, तर मी सांगेन, विचार केलाच नाही. पूल आला. मी दांडी सोडली आणि गुडघ्यावर गेले. उजवा हात जमिनीला लावला. त्या पोरांना दाखवायचं होतं की या घरात हे असंच करतात, आणि हसणाऱ्याने हसावं. हात कपाळाकडे नेत होते तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात लाल रंग धावत येताना दिसला. आणि माझा हात कपाळाला न लागताच वळला आणि बटणावर जाऊन आपटला. उशीर झाला होता. निळा पडला. मी गुडघ्यावरच होते, एक हात बटणावर.

परतताना अप्पांनी वाटेत कोथिंबीर घेतली, कारण आईने सांगितली होती. भाजीवाल्याशी ते नेहमीसारखं गुजरातीत बोलले. मी वाट बघत होते. घराच्या जिन्याशी आल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"जूनपासून."

"दुपारी?"

"हो."

ते चार पायऱ्या चढले आणि थांबले. "पहिला डाव चांगला खेळलीस. हरलीस त्याचंही काही नाही. तिसऱ्यात सलामी अर्ध्यात का सोडलीस?"

"तो मारत होता अप्पा."

"हो. मला मारलंच की त्याने. दोनदा."

"पूर्ण केली असती तर मी हरलेच असते."

"मग आत्ता काय झालं?" असं म्हणून ते वर गेले. आईने दारात विचारलं, मुलं येणार का? अप्पा म्हणाले, "नाही येणार. कोथिंबीर घे."

मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मी त्यांच्यासाठी खेळले होते, सगळ्यांसमोर उघडी पडले होते, आणि यांना पडलं होतं हाताचं. तिसऱ्या दिवशी पाचला मी वर्गात गेले, कारण घरात बसवत नव्हतं. भरतभाईंच्या दुकानातही जाववत नव्हतं. अप्पांनी मला काही शिकवलं नाही. मीच पाच पोरांच्या शेवटी उभी राहून रोज सलामी देत राहिले, तासभर, नुसती सलामी. ते जाता-येता बघायचे. माश्यांचा विषय त्यांनी काढला नाही.

दसऱ्याला सुहास आणि ती आठ पोरं आली नाहीत. ती शब्दाला पक्की निघाली. ट्रस्टी घडीच्या खुर्च्यांवर बसले होते, पाच मुलांच्या आया पुढच्या सतरंजीवर, आणि मागे कॉम्प्युटर क्लासचा एक माणूस टेप घेऊन भिंती मोजत होता, प्लग कुठे कुठे लागतील ते बघायला. तो बिचारा पाय न वाजवता चालत होता. दिवाळीनंतर त्या हॉलमध्ये बारा कॉम्प्युटर आले. मी तिथेच पुढे टायपिंग शिकले आणि आज तुम्हाला हे लिहिते आहे ते त्याच बोटांनी. अप्पांनी पुढची वर्षं संध्याकाळी पाचला काय केलं, ते वेगळं सांगण्यासारखं आहे. आत्ता मी शस्त्रपूजनाच्या दिवसावरच थांबते.

लाठी झाली, बोथाटी झाली. शेवटी अप्पांचा पट्टा. पट्ट्याचा शेवट ठरलेला असायचा: एकाने गुडघ्यावर बसून उघड्या तळहातावर लिंबू धरायचं आणि अप्पांनी पट्टा फिरवत येऊन ते हातावरच दोन करायचं. गेली दोन वर्षं तो हात सुहासचा होता. अप्पांनी पाचही पोरांकडे बघितलं. सतरंजीवरच्या पाचही आयांनी नकारार्थी माना हलवल्या. ट्रस्टींपैकी एक म्हणाले, "मास्तर, राहू द्या यंदा." मी पूजेच्या ताटातलं एक लिंबू उचललं आणि मध्ये जाऊन उभी राहिले.

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "वसू, तू हलतेस."

"आज नाही हलणार."

मी सलामी दिली. जमीन, कपाळ, छाती. किती वेळ लागला मला माहीत नाही. ट्रस्टींपैकी कोणी तरी खोकलं, टेपवाला थांबला. मग अप्पांनी सलामी दिली, मला, पूर्ण. मी बसले आणि हात पुढे केला. पातं कसं आलं ते मी बघितलं नाही, मी अप्पांच्या डोळ्यांकडे बघत होते. फक्त तळहातावर गार वारा लागल्यासारखं झालं आणि रस बोटांवरून गळायला लागला.

टाळ्या वाजल्या. अप्पांनी वाकून दोन्ही तुकडे उचलले. दर वर्षी ते बरोबर अर्धे असायचे, इतके की आई ते जोडून दाखवायची. या वेळी एक तुकडा मोठा होता आणि एक अगदी चकतीसारखा. मी म्हटलं, "हलले का मी?"

अप्पा दोन्ही तुकड्यांकडे बघत होते. त्यांनी मूठ उतरवली नव्हती आणि पातं अजून थरथरत होतं.

"तू नाही," ते म्हणाले. "मी."

टाळ्या चालू होत्या, म्हणून दुसऱ्या कोणाला ते ऐकू गेलं नाही.